मोकळं कपाळ

निजामाच्या अमलातल्या शेवटच्या वर्षांत मी हिंगोलीला मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आम्ही लावत नव्हतो, एवढंच. माझ्याबरोबर बाळंतपणांना येणाऱ्या आयाबाईचं तसं नव्हतं. बाप्तिस्मा घेताना तिनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं होतं. नवरा जिवंत असताना पुसलं, म्हणून भावानं तिला माहेर बंद केलं.

एका दुपारी गोरेगावहून बैलगाडी आली. पहिलटकरीण अडली होती. आम्ही दोघी गेलो, तर तिची सासू दारात आडवी.

"रांडाव बाया सुनेजवळ न्हाई येऊ देणार मी," ती म्हणाली.

"माझा नवरा आहे, आजी."

"मग कपाळ काहून मोकळं?"

आतलं कण्हणं बारीक होत चाललं होतं. मी म्हटलं, "आणा तुमचा करंडा." तिनं आणला. मी बोट बुडवून कपाळाला टेकवलं आणि आत गेले. आयाबाई गरम पाणी घेऊन मागोमाग आली. त्या गडबडीत तिला कुणी अडवलं नाही. मूल पायाळू होतं. तकलीफ झाली, पण दोघंही वाचली.

परतताना गाडीत मी पदरानं कपाळ पुसून टाकलं. मला खरंच काही वाटलं नव्हतं. आयाबाई मात्र बैलांकडे पाहत बसली होती. गाव बरंच मागे पडल्यावर म्हणाली, "बाई, लावलेलं चालत असंल, तर मी काहून पुसलं?"

"आत बाई मरत होती."

"म्हाईत हाय. मी तुमाला नावं न्हाई ठेवून राहिले. पण माझं मन मानंना."

त्या रविवारी ती उपासनेला आली नाही. मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, कुंकवात देव नाही आणि पापही नाही, तुम्हाला मोकळीक आहे. पण तिचं मन अजून कोवळं आहे, ते सांभाळा. त्यांचं बरोबर होतं. तरी मला राग आला. कपाळ माझं, जीव बाळंतिणीचा, आणि सांभाळायचं मात्र तिसरीलाच? भाकरी थापताना, सुया उकळताना तेच डोक्यात फिरत राहायचं.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. ते त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. हसून म्हणाले, "मग मलाच घेऊन चल. दाखव लोकांना." आणि खरंच येऊ लागले. ते गाडीत बसून राहायचे, मी दारातून बोट दाखवून सांगायची, "हे बघा आमचे मालक." बहुतेक घरांत तेवढ्यानं भागायचं. आयाबाईही पुन्हा उपासनेला येऊ लागली.

पुसेगावात मात्र भागलं नाही. तिथल्या सासूनं गाडीकडे पाहिलं आणि करंडा माझ्यापुढे धरला. "मालक असू द्या. बिनकुंकवाची बाई आत नको."

मी नुसती उभी राहिले. हात पुढे जाईना. मागे फिरणंही होईना. सून आत विव्हळत होती.

"लावा, बाई," आयाबाई मागून म्हणाली. "माझ्यासाठी अडू नका. मी भाईर थांबते."

मी लावलं. मुलगी झाली, सुखरूप. बाहेर आले तर आयाबाई चाकाला टेकून, घराकडे पाठ करून बसली होती. पदर कपाळावर पुढे ओढलेला.

"झालं का बराबर?"

"झालं."

वाटेत फक्त माझे यजमान बोलत होते.

रविवारी ती माझ्या शेजारीच येऊन बसली. तिनं मला मोकळं केलं होतं की माझं ओझं स्वतःच्या मनावर घेतलं होतं, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. पुढचं बोलावणं आलं तेव्हा पिशवी तिनंच भरली आणि माझ्याआधी गाडीत चढून बसली.