करमाळ्याहून आलेली मुलगी

माझी आई मिश्री लावायची. आठवड्यातून एकदा तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. आम्ही टेंभुर्णीकडचे. वडील एसटीत ड्रायव्हर झाले तेव्हा सोलापुरात आलो आणि सात रस्त्याच्या मागं दोन खोल्यांत राहू लागलो. वडील चार-चार दिवस घरी नसायचे. घरात मी आणि आई, पण दोघींत बोलणं असं नव्हतंच. जेव, अभ्यास कर, दार लाव, एवढंच.

माझ्या मैत्रिणीच्या घरी याच्या अगदी उलटं. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलायची. तिची आई दारात बसून विड्या वळायची. मैत्रीण शेजारी बसून पानं कापायची आणि शाळेतलं एकूणएक आईला सांगायची. मला भाषा कळायची नाही. दोघी हसायला लागल्या की मला हेवा वाटायचा. आपल्या आईशी कुणी इतकं बोलतं याचा, आणि ती मुलगी माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी हसते याचाही. तिच्या वेणीला तंबाखूचा वास यायचा. त्या वासासाठी मी वर्गात तिच्या अगदी लगत बसायची.

नववीत असताना करमाळ्याहून एक मुलगी मामाकडे शिकायला आली आणि आमच्याच बाकावर बसली. आठ दिवसांत ती मधे आणि मी कडेला. तिच्या कंपासपेटीत मिश्री असायची. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं दोघी बोटानं दातांना लावायच्या.

"मला पण द्या की," मी म्हणाले.

"तुला नको, तुला झेपायची नाही," मैत्रीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या डबीतली कागदात बांधून नेली. त्यांच्यापुढं भरपूर लावली आणि थुंकायचं सोडून गिळली. टाकी, भिंत, सगळं फिरायला लागलं. मी तिथंच ओकले. मैत्रिणीनं माझ्या तोंडावर पाणी मारलं खरं, पण एका हातानं. दुसरा हात करमाळ्याच्या मुलीच्या हातात होता आणि दोघी हसू दाबत होत्या.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी बाईंना कंपासपेटीबद्दल सांगितलं. माझं नाव बाहेर येणार नाही, हे आधी कबूल करून घेतलं. झडती झाली, मामाला बोलावणं गेलं. शनिवारी त्या मुलीला करमाळ्याच्या गाडीत बसवून दिलं.

आता ती माझी, असं मला वाटलं होतं. पण मैत्रीण रिकाम्या जागेकडं तोंड करून बाकावर डोकं टेकायची. मी काही विचारलं तर "काही नाही" म्हणायची. त्या दिवसांत मी रोज मिश्री लावू लागले. लावली नाही तर डोकं दुखायचं.

आईच्या ते ध्यानात आलं. ती ज्वारी निवडत होती. "हितं ये. तोंड उघड," म्हणाली.

मी उघडलं.

"किती दिस झालं?"

"महिना."

"कुणी शिकवलं?"

करमाळ्याच्या मुलीचं नाव घेणं सोपं होतं. त्याऐवजी मला रडू फुटलं आणि टाकीपासून बाईंपर्यंतचं सगळं मी सांगून टाकलं.

"त्या विणकराच्या पोरीसाठी?" आईनं विचारलं.

"व्हय."

"ती दुसरीसंगं हसली, म्हणून तू त्या पोरीची शाळा घालवलीस?"

त्यालाही मी व्हय म्हणाले. आईचे हात सुपात थांबले. मग म्हणाली, "सवतीवर जळावं तशी जळलीस की गं."

बोलली आणि स्वतःच दचकली. माझ्याकडं बघत राहिली. मला काय होतंय, त्याला तोवर माझ्याकडं शब्द नव्हता. तो तिच्या तोंडून आला, आणि आता तो दोघींनाही ऐकू आला होता.

"भाईर कुणाला हे बोलू नगं," ती हळू आवाजात म्हणाली. "पन मला बोलत जा. मला समजंल, न्हाय समजंल. तू बोलत जा. आन आता ऊठ, त्या विणकराच्या पोरीला खरं सांगून ये."

मी गेले. मैत्रीण पानं कापत होती. मी सांगितलं, तशी तिनं कात्री खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पेटीतलं आपल्या तिघींशिवाय कुणाला माहीत होतं? तू कधी बोलतेस तेच बघत होते. तिनं पत्र पाठवलंय. तिची शाळा कायमची सुटली. लग्न ठरवतायत."

मला लाज वाटली. आणि त्याच क्षणी मनात आलं, हिला पत्रं येतात.

घरी येऊन आईला तेही सांगितलं. "अजून जळतेय मी."

"जळशील की. लगीच कसं थांबंल?" आई म्हणाली.

मिश्री सुटायला मला दीड वर्ष लागलं. आईची सुटली नाही. पुढं स्थळं यायला लागली, तेव्हा "तिला नगं हाय" असं वडिलांना तीच सांगायची. का ते त्यांनी कधी विचारलं नाही. मैत्रीण लग्न होऊन शहरातच राहिली. आमचं येणं-जाणं आहे. करमाळ्याची पत्रं अजून ट्रंकेत आहेत, असं ती परवा सहज बोलून गेली. मी विषय बदलला.