ताईच्या बाह्या

माझ्या ताईचे हात उघडे कुणी पाहिलेच नाहीत. भर उन्हाळ्यात, भट्टीसमोर उभी असतानाही मनगटापर्यंत बाह्या. दादाचा हुकूम! बेकरी दादाची, म्हणजे तो तसं म्हणतो. पहाटे उठून पीठ मळते ती ताई. मी गल्ल्यावर बसते. "गिऱ्हाइकाला ते हात दिसले ना, तर आपला पाव उंदीरही खाणार नाहीत," हे त्याचं लाडकं वाक्य. हसतोही एकटाच.

ताईला लहानपणापासून इसब. कोपराच्या आत, मनगटांवर कातडी लाल, भेगाळलेली. पीठ लागलं की नुसती आग. पाठमोरी होऊन बाहीवरूनच लाटण्याने खाजवायची बिचारी. चाळिशीला टेकली आणि दमाही मागे लागला. पीठ चाळायला घेतलं की छातीतून शिट्टी. तेव्हा दादाने अक्कल पाजळली: "डॉक्टरला एका वेळी एकच दुखणं सांगावं. दोन सांगितली की आपल्याला वेड्यात काढतात." ताईने ते इमानेइतबारे पाळलं. मलमवाल्या डॉक्टरसमोर खोकला गिळायची, पंपवाल्यासमोर बाह्या खाली ओढायची. पहिल्याने श्वासाचं कधी विचारलं नाही, दुसऱ्याने कपड्यांवरूनच छाती तपासली. त्या दोघांचाही मला संताप येतो.

परवा सकाळी मैद्याचं पोतं फोडताना तिचा श्वासच अडकला. पंपाने काही फरक पडेना. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सुई टोचायला डॉक्टरीणबाईंनी कात्रीने बाही कापली आणि थबकल्या.

"हे कधीपासून?"

"लहानपणापासून," मी म्हणाले.

"आणि दम्याच्या डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"दाखवू दिलं नाही."

"अहो, इसब आणि दमा बऱ्याचदा एकाच घरचे असतात. इसब असलेल्याला मोठेपणीही दमा होऊ शकतो. यांच्या बाबतीत कदाचित पीठच दोन्ही भडकवत असेल. ते तपासू. तोवर यांनी पिठाजवळ जायचं नाही."

दादा दारातच उभा होता. "अगं, आधी हात झाक. लोक बघतायत," तो म्हणाला. आणि मास्कखाली धापा टाकणारी माझी ताई खरंच चादर हातावर ओढू लागली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी कात्री उचलली, तिची दुसरी बाही खांद्यापासून कापली आणि दादाच्या हातात कोंबली.

"उद्यापासून पीठ तू मळ," म्हटलं. "ही घालून."