आवतन नसलेली सवाष्ण

राजीनाम्याचा कागद मी महालक्ष्म्यांच्या पाटाखाली सरकवला. देवीला म्हटलं, तुझं जेवण पार पडू दे, मग सोमवारी नेऊन देते. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये सासूबाईंनी अमरावतीहून आणलेले मुखवटे दरवर्षी मांडले जातात. इकडे नगरसेवकाला पार्षद म्हणतात. मला पार्षदकीचं तिकीट मिळालं तेव्हा मी याच मुखवट्यांपुढे बोलले होते, "निवडून आण, दारी आलेल्या कोणालाच परत पाठवणार नाही."

निवडून आले आणि बघता बघता मला हारांची चटक लागली. भाषणात 'सेवा' म्हणताना स्वतःचाच आवाज खोटा वाटायचा. झोप उडाली. जेवता जेवता उठायचं, फोन बघायचा, पुन्हा बसायचं, मध्येच घरच्यांवर खेकसायचं. असलं सोंग करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मनानं घेतलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई पाण्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन दोनदा आली होती. 'तो माझा वॉर्ड नाही' म्हणून दोन्ही वेळा तिला दारातूनच वाटेला लावलं. नकाशाप्रमाणे ते खरंही होतं. नवस मात्र मी नकाशा बघून बोलले नव्हते, आणि हेच आत टोचत होतं.

जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण सगळं तयार झालं आणि समोरच्या काकूंचा फोन आला. त्यांना सुतक लागलं होतं. आमची सवाष्ण त्याच. सवाष्ण जेवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही, आणि ओळखीच्या साऱ्या मराठी घरी त्या दिवशी महालक्ष्म्याच. दुपार कलली. मी चिडून येरझाऱ्या घालत होते. "पाहा, माझ्या हातचं देवीले नकोच आहे," मी सासूबाईंना म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात तीच बाई. हातात तोच अर्ज. "दीदी, पानी बर आए हंव," पाण्यासाठी आले, असं ती चाचरत म्हणाली. माझ्या तोंडावर तेच जुनं वाक्य आलं होतं. पण सासूबाई मागून पुढे आल्या. त्यांनी तिच्या हातातल्या चुड्या पाहिल्या, भांगातलं कुंकू पाहिलं आणि मला म्हणाल्या,

"कावून उभी आहेस वं? लक्ष्मी दारात उपाशी उभी आहे. बसव तिले पाटावर!"

ती घाबरून नको नको म्हणत राहिली, तरी तिला बसवलं. सवाष्णीचे पाय घरच्या सुनेनं धुवायचे. मी परात ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतायला लागले. तिनं चटकन पाय मागे घेतले.

"अतेक पानी झन गिरा, दीदी."

इतकं पाणी सांडू नको म्हणे! तांब्या तसाच धरून मी तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहिले, आणि रडू आवरेना. मागे मुखवटे तसेच हसरे होते. याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

ती जेवली. ओटी भरून झाल्यावर मी तशीच, जरीच्या लुगड्यात, तिच्याबरोबर नाला ओलांडून गेले. एका नळापुढे डब्यांची रांग लागलेली होती. अर्ज मीच नव्यानं लिहिला, खाली माझी सही केली. तिसऱ्या दिवशी पाट उचलताना सासूबाईंना तो राजीनाम्याचा कागद सापडला. "हे काय वं?"

"काही नाही जी, आई. तो मी देवीलेच देऊन टाकला."

त्यानंतरही काम चटकन झालं नाही. हेलपाटे झाले, बोलणी खाल्ली, तिथल्या पार्षदाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. पण ती जुनी तडफड गेली. माझी सेवा खरी की खोटी, हे तोलत बसण्याचं काम मी देवीवर सोपवलं. दारी कोणाला धाडायचं ते ती बघते. मी दार उघडायचं, एवढंच माझ्याकडे आहे.

आता पहिलं आवतन त्या बाईलाच जातं. गेल्या वर्षी पाय धुताना मी सवयीनं धार बारीक धरली, तर ती हसली. "अब डार दीदी, मोर घर घलो नल आ गे हे." आता ओत म्हणे, तिच्याही घरी नळ आला होता!

मी अख्खा तांब्या तिच्या पायांवर ओतला.