निळ्या गाडीतले दोघे भाऊ

आमच्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे काकांइतका, मोटारींच्या शर्यतींचा जाणकार उभ्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. त्यांनी जन्मात मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता, हेही इथेच सांगून टाकतो. मोटार राहू द्या, त्यांना सायकलही धड येत नसे. एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन ढकलत ते ती छान पळवत न्यायचे, पण टांग टाकायची वेळ आली की त्यांचा विचार बदलायचा आणि उरलेली वाट ते सायकल हातात धरून चालत जायचे. असा हा माणूस मधल्या मारुतीजवळच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात, गादीवर मांडी ठोकून, युरोपातल्या टूरिंग मोटारींच्या अजिंक्यपदाचा अख्खा हंगाम चालवत असे. चालवत असे हाच शब्द बरोबर आहे. मी त्यांचा जावई, साताऱ्याहून सोलापुरात येऊन कॉलेजात भूगोल शिकवणारा. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, पगार विचारणार. त्यांनी विचारलं, ऑस्ट्रियात पाऊस कधी पडतो?

हे वेड त्यांना लागलं ते एका भांड्यामुळे. त्यांचा एक शाळूसोबती कापडगिरणीच्या यंत्रांचं काम शिकायला जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला. स्टेनलेस स्टील नुकतंच आपल्याकडे येऊ लागलं होतं, म्हणून त्याने नमुन्यादाखल एक पातेलं पाठवलं, आणि ते खडखडू नये म्हणून मोटारींच्या मासिकाच्या पानांत गुंडाळलं. पातेलं कुठे गेलं ते सासूबाईंनाही माहीत नाही, पण पानं इस्त्री केल्यासारखी सपाट होऊन गादीखाली गेली. तेव्हापासून मित्राला निरोप गेला की भांडी नकोत, कागद पाठव. मग वर्षातून एकदा बोटीने गठ्ठा यायचा. मासिक जर्मन भाषेत. काकांना मराठी, कानडी, गिऱ्हाइकापुरतं तेलुगू आणि भांडणापुरती दखनी येत असे. जर्मनचं अक्षर ठाऊक नाही. पण चित्रं होती आणि निकालाचे तक्ते होते, आणि आकडे काय, सगळीकडे सारखेच.

मोटारींच्या शर्यतीही नाना प्रकारच्या असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जगभर ज्यांचं कौतुक होतं त्या उघड्या, एकट्या माणसाच्या, झुरळासारख्या पसरट गाड्यांबद्दल त्यांना जराही आदर नव्हता. "बिनटपाची, एकट्यानं बसायची, ती काय गाडी व्हय? सासुरवाडीला जायचं म्हटलं तर बायकू कुटं बसवायची?" असं ते म्हणत. टूरिंग गाडीला मात्र दार होतं, टप होता, मागे सामान ठेवायला डिकी होती. रस्त्यावर धावते तीच गाडी, जराशी फुगवून शर्यतीत आणलेली. अशा गाडीने शर्यत जिंकावी आणि तिच्यातच बसून संध्याकाळी अकलूजला एखाद्या लग्नाला जावं, हे त्यांना पटत असे. आणि या शर्यती तास न् तास चालायच्या. बेल्जियमची तर रात्रंदिवस. ती ज्या पानावर असेल ते पान उघडायचं त्या दिवशी काका उपास धरत, शिवरात्रीसारखा, आणि घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपत नसे.

पान उघडायचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. सगळा हंगाम एका गठ्ठ्यात घरी येऊन पडलेला असे. पण दुसरा माणूस पहिल्या दिवशी शेवटचं पान बघेल, तसले काका नव्हते. अंकामागून अंक, तिकडे जेवढ्या अंतराने निघाले तेवढ्याच अंतराने ते उघडायचे. त्यामुळे युरोपातल्या शेंबड्या पोरांनाही जे वर्षभरापूर्वी कळलेलं होतं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नसे, आणि सगळी मंडळी जीव मुठीत धरून बसलेली असत. गठ्ठा देवघराच्या वरच्या फळीवर. माझ्या एका मेहुणीने एकदा खोडी म्हणून पुढचा अंक चाळला आणि जेवताना नुसती हसली, तर काका ताटावरून उठले. पेट्रोल एकाएकी महागलं त्या सालचा हंगाम काकांनी उघडला, तेव्हा अंक बारीक झाले होते, चित्रांत गाड्या विरळ दिसत होत्या. काकांनी त्याचा एवढा धसका घेतला की ते रोज पंपावर जाऊन भाव विचारू लागले. पंपवाला शेवटी म्हणाला, काका, तुमची सायकल किती ॲव्हरेज देते?

टांग्यात बसले तर तलावाच्या वळणावर ते टांगेवाल्याला सांगत की आधी बाहेरून घे, मग आत काप, आणि निघताना सोड. टांगेवाला रोजचाच, म्हातारा. तो मागे न बघता म्हणायचा, "सेठ, मेरे कू नक्को बोलो, घोडे कू बोलो." काका खरोखरच घोड्याला सांगू लागत.

आता हसू बाजूला ठेवून सांगायची गोष्ट. दुकान दोघा भावांचं होतं. थोरले माझे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. सकाळपासून दुपारपर्यंत गादीवर अण्णा, दुपारपासून दिवे लागेपर्यंत काका. त्यांच्या वडलांनी घालून दिलेली रीत. पण मी जावई झालो तेव्हा दोघांत बोलणं बंद होतं. कारण पितळ. अण्णांचं म्हणणं, रुखवतात पितळेचीच घागर शोभते, स्टील म्हणजे दवाखान्याची भांडी. काकांचं म्हणणं, दुष्काळानंतर लोकांना घासायला हलकं आणि कल्हई न लागणारं भांडं पाहिजे, कल्हईवाला मिळतो कुठे. घरात भांड्याला भांडं लागतंच म्हणतात, इथे दुकानातच लागलं. दोघांची चूल एक होती, पंगत एक होती, पण काही सांगायचं झालंच तर ते तिसऱ्याला सांगितल्यासारखं, आणि घरची कानडी सोडून मराठीत. परक्याशी बोलावं तसं.

दुपारचा बदल मी कितीदा तरी पाहिला आहे. काका वेळेआधी येऊन पायरीवर चपला काढून उभे राहत. अण्णा किल्ल्या गादीवर ठेवत, डोक्यावर टोपी घालत आणि उजव्या बाजूने उतरत. त्याच क्षणाला काका डाव्या बाजूने चढत. गादी रिकामी अशी राहायचीच नाही. शर्यतीत अर्ध्या वाटेवर गाडी थांबते, एक चालक उतरतो, दुसरा बसतो, तसंच हे आहे असं काकांनी मला सांगितलं होतं. थांबलेल्या गाडीचा वेळ कुणी परत देत नाही म्हणे. एवढं सुरेख काम दोघे मिळून करायचे, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे नाहीत.

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक गाडीपुढे दोन नावं असत. ते दोघे भाऊ असतात, हा काकांचा सिद्धांत होता. मी म्हटलं, काका, आडनावं तर वेगळी दिसतात. यावर त्यांनी मला दुकानाच्या पाटीखाली नेऊन उभं केलं. पाटीवरही दोन वेगळी आडनावं होती. अण्णांना शाळेत घातलं तेव्हाच्या मास्तरांनी धंद्यावरून आडनाव लिहिलं, काकांच्या वेळी मास्तर बदलले होते, त्यांनी गावावरून लिहिलं, आणि सख्खे भाऊ जन्मभर दोन आडनावांनी वावरले. नवखी गिऱ्हाइकं त्यांना भागीदार समजत. "तिकडंबी मास्तर बदलत असतील की," काका म्हणाले, "आन परक्याच्या हातात आपली चालती गाडी कोन देतंय, जावईबापू?"

त्या हंगामात काकांनी एक निळी गाडी धरली होती. तिच्यातला एक जाडसर, मिशीवाला, तो थोरला. दुसरा सडपातळ, तो धाकटा. इटलीत थोरल्याने गाडी पुढे काढली, धाकट्याने ती राखली. ऑस्ट्रियात धाकट्याने ती वळणावरून खाली घातली, तरी पुढच्या अंकात थोरला त्याच्या शेजारी उभा राहून हसताना दिसला, तेव्हा काकांनी ते चित्र मला तीनदा दाखवलं. दाखवायचे मला, पण वेळ साधायचे दुपारच्या बदलाची, आणि आवाज काढायचे अण्णांना ऐकू जाईल असा. थोरल्याने मनात धरलं असतं तर गाडी घरीच राहिली असती की नाही, असं मला विचारायचे. अण्णा त्या वेळी हमखास एखादी घागर पुसत असत. जी कालच पुसलेली असे तीच. पण काका तापाने निजले होते तेव्हा, मी दुकानात एकटा सापडल्यावर, अण्णा घागरीकडेच बघत म्हणाले होते, "त्या निळ्या गाडीचं फुडं काय झालं म्हनं?" मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हटल्यावर ते जरा खट्टूच झाले.

आणि अशात अण्णांनी दुकानात भिंत घालायचं ठरवलं. मधोमध भिंत, एकीकडे पितळ, एकीकडे स्टील, दोन दारं, दोन गाद्या. कुंभारी गावचा गवंडी ठरला, विटा येऊन दुकानापुढे पडल्या. काकांनी विरोध केला नाही, करायचा तर बोलावं लागलं असतं. ते फक्त खंगत चालले. मला म्हणाले, अख्खा दिवस बसायला मिळणार आता, चांगलंच हाय. आणि मग खाली वाकून विटा मोजू लागले. अंक उघडायचा दिवस आला तरी त्यांनी तो खाली काढला नाही, यावरून काय ते समजा.

गवंडी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तो जर्मनीचा मित्र रजेवर आलेला घरी जेवायला आला. हुग्गी केली होती, म्हणजे गव्हाची खीर. कडक भाकरी, शेंगाची चटणी, सगळं साग्रसंगीत. पंगतीत अण्णा एका टोकाला, पाहुणा आणि काका दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. पाहुणा तिकडच्या थंडीच्या गोष्टी सांगत होता. काकांना मात्र धीर निघेना. मला कळत होतं की हे त्यांचं शेवटचं हत्यार आहे. जर्मनीत राहणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर अण्णांना ऐकावंच लागेल. त्यांनी घसा साफ केला आणि त्या निळ्या गाडीतले दोघे भाऊ कुठल्या गावचे, घरी आणखी कोण कोण, असं विचारलं.

पाहुण्याला कळेचना. गाडी कोणती, हे समजायलाच त्याला वेळ लागला. मग तो मोठ्याने हसला. "अरे, कसले भाऊ? एक कुठला, दुसरा कुठला. देशसुद्धा वेगळे. कंपनीनं पगारावर आणून एका गाडीत बसवलेली माणसं ती. सगळ्याच गाड्यांचं तसं असतं."

काकांचा हात ताटातच राहिला. त्यांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. हंगामभर ज्या माणसांना त्यांनी सणावाराला आठवलं असेल, ज्यांच्या जिवावर त्यांनी आपल्या भावाला न बोलता समजावलं होतं, ती माणसं एका वाक्यात एकमेकांची कुणीच उरली नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की पाहुण्याचा रागच आला. त्याचा काय दोष म्हणा. सासूबाई खिरीचं भांडं घेऊन उभ्याच राहिल्या.

मग पंगतीच्या त्या टोकाकडून आवाज आला. "तम्मा," अण्णा म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. दोन दिवाळ्या तो शब्द त्या घरात कुणी ऐकला नव्हता. अण्णांनी वर बघितलं नाही, भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "तम्मा, कुनी कुनाचं न्हाई, तरी एका गाडीत बसत्यात व्हय रे ती? आन आपल्याला भिंत पायजे."

काका "हौद" एवढंच म्हणाले, म्हणजे होय. सासूबाईंनी आधी धाकट्याला खीर वाढली, मग थोरल्याला, आणि मला वाढायचं राहूनच गेलं. मी मागितलीही नाही.

सकाळी गवंडी आला, तर अण्णांनी त्याला दुकानापुढे ओटा बांधायला लावला. विटा आल्याच होत्या. आत उजवीकडे पितळ, डावीकडे स्टील, मध्ये एकच गादी, आणि दुपारच्या बदलाला दोघे ओट्यावर बसून चहा प्यायला लागले, कानडीत तावातावाने भांडत. राहिलेले अंक मग दोघांनी मिळून उघडले. निळी गाडी काही जिंकली नाही. काका हिरमुसले, तर अण्णा म्हणाले, पोचली नव्हं शेवटपातूर, मग झालं की. भाऊ नाहीत हे कळल्यावर काकांचं त्या दोघांवरचं प्रेम कमी होईल असं मला वाटलं होतं. ते वाढलं. परकी असून एवढी करतात, म्हणून.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना मातीत ठेवून आल्यावर काही दिवसांनी दुकान उघडलं, तेव्हा मी काकांबरोबर गेलो. ते सकाळीच गादीवर बसले. गिऱ्हाईक आलं, गेलं, काकांनी भाव बरोबर सांगितले, चुकीचा डबा एकदाही काढला नाही. जेवणवेळ झाली. घरून डबा आला होता. मी म्हटलं, काका, थोडं खाली उतरा, ओट्यावर बसून दोन घास खाऊन घ्या. ते हलले नाहीत. डबा बाजूला सारून त्यांनी मला विचारलं की तिकडे दोघांतला एक गेला, तर उरलेला एकटा चालवतो का गाडी? मी म्हटलं, चालवत असेल, काका, चालवायला येतं त्याला.

"चालवत असंल की," ते म्हणाले. "पन दुपारी उतरायचं कुनासाटी?"