जास्तीचे शब्द

ऑफिसात त्याला सगळे चूकमास्तर म्हणत. चुका करायचा म्हणून नव्हे, चुका तयार करायचा म्हणून. नोकरभरतीच्या परीक्षांचे भाषेचे पेपर तिथे बनत, आणि पेपरात चुकीची वाक्यं लागतच. एखाद्यात एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द घुसडलेले, एखाद्यात विशेषण भलत्याच्याच गळ्यात पडलेलं. पोरांनी चूक हुडकायची. चुकीचं लिहून पगार घेणारी माणसं जगात कमी नाहीत, पण मास्तर ते मान मोडून, मन लावून करायचा.

साहेब मात्र खूश नव्हते. "मास्तर, तुमच्या चुका बनवलेल्या वाटतात हो. पोरं डोळे मिटून पकडतात. माणूस खरंच असं बोलेल, असं वाटलं पाहिजे."

असं बोलणारा माणूस मास्तराच्या घरातच होता.

त्याच्या बाबांनी उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली होती. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. बायको गेली त्याच वर्षी त्यांना झटका आला, आणि हातपाय वाचले तरी शब्दांची घडी विस्कटली. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, "चुकू द्या त्यांना. टोकू नका. लाजून एकदा गप्प बसले, तर पुढे माझ्याही हातात काही नाही."

मास्तराने घरात कधी टोकलं नाही. दिवसभर चुकांतच वावरणाऱ्याला हे सोपं नव्हतं, पण बापावर त्याचा फार जीव होता. एका सकाळी बाबा अंगावरच्या स्वेटरवरून हात फिरवत म्हणाले, "तिनं विणलेला मी स्वेटर रोज घालतो." मास्तराने ऑफिसात जाऊन ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आता कसं!"

मग चटकच लागली. बाबा बोलत, मास्तर जवळ बसून कान देऊन ऐके, आणि बाबांना वाटे, पोरगा किती मायेनं ऐकतो. माया होतीच. नसती, तर निदान त्याला लबाड म्हणून मोकळं होता आलं असतं.

झालेले पेपर सरावासाठी दुकानात मिळतात, हे मास्तराला ठाऊक होतं. ते आपल्या घरात येतील, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. धाकटी बहीण नोकरीच्या परीक्षेला बसणार होती. तिने गठ्ठा आणला आणि बाबांच्याच हातात दिला. "तुम्ही प्रश्न वाचा, मी उत्तरं देते." बाबा खुशीत आले. अडखळत, पण पूर्वी थांब्यांची नावं पुकारायचे त्या थाटात, वाचू लागले. मास्तर शेजारी भाजी चिरत होता.

"तिनं... विणलेला... मी स्वेटर रोज..." बाबा थांबले. त्यांनी अंगावरच्या स्वेटरकडे पाहिलं.

"अहो, म्हणजे तिने तुम्हालाच विणलं की!" बहीण हसली. "चूक. पुढचा?"

बाबांनी पुढचा वाचला. "ती गेली... ती परत पुन्हा माघारी आलीच नाही."

"'परत' नको, 'पुन्हा' नको. 'माघारी' एकटं पुरे. कोण लिहितं हो असली बावळट वाक्यं?" उत्तर देऊन झाल्यावर तिला ते वाक्य ओळखीचं वाटलं. बाबांचंच होतं ते, आईच्या फोटोसमोर रोज म्हटलेलं. तिचा चेहरा पडला. "दादा?"

मास्तराची सुरी थांबली. बाबा त्याच्याकडे बघत होते. रागाने बघत असते, तर बरं झालं असतं. भर बसमध्ये कुणी खोटं नाणं हातावर ठेवावं आणि तो ओळखीचाच निघावा, तसे ते बघत होते.

त्या दिवसापासून बाबा बोलण्याआधी विचार करू लागले. ओठ हलत, आतल्या आत शब्द गाळले जात, आणि बाहेर येण्याजोगं काही उरत नसे. बाईंनी दोन महिने खटपट केली आणि येणं थांबवलं. मास्तराने पाय धरले, गयावया केली. "बाबा, काहीही बोला. कसंही बोला. हवं तेवढं चुका." बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तोंड उघडलं नाही.

आता ते दिवसातून एकदाच बोलतात. "पाणी दे," म्हणतात. त्यात एकही शब्द जास्तीचा नसतो. मास्तर पेला भरून देतो आणि ते आणखी काही म्हणतील म्हणून तिथेच उभा राहतो.