कोळणीची तोंडी परीक्षा

लालबागच्या बाजारात मी दर रविवारी जिच्याकडून मासे घेतो, तिचं नाव मला अजून ठाऊक नाही. ही कोळीण स्वतः शाळेत गेलेली नाही. ती रोज मुलीकडून धडा ऐकते आणि मुलीचं उत्तर बरोबर की चूक, ते गिऱ्हाइकांना विचारून ठरवते. "मला वाचता येत नाय, पन विचारता येतं ना!" असं ती ऐटीत सांगते.

त्या दिवशी सुरमईवर कोयता रोखून तिनं विचारलं, "दादा, पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा तारा कंचा?"

मी चष्मा सावरला, आजूबाजूला श्रोते आहेत ना ते पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "ध्रुव!"

तिनं तिथूनच मुलीला फोन लावून झापलं, "सूर्य काय सांगतेस गं? उद्या पेपरात ध्रुव लिही!"

घरी हा किस्सा रंगवून सांगितला, तर बायको म्हणाली, "अहो, सूर्य ताराच आहे!"

पिशवी टाकून मी धावतच बाजारात परतलो. "ताई, पोरगी बरोबर! मी चुकलो!"

सगळा बाजार हसला. तिनं मात्र ओले हात पुसून पुन्हा फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. "तुमीच सांगा तिला. मगाशी लय बोलले मी."

मी माफी मागितली. पलीकडून बारीक आवाज आला, "काका, मग सगळ्यात जवळचा ग्रह कुठला?"

हल्ली मासे आणायला जाण्याआधी मी सातवीचं विज्ञान वाचतो.