एका सहीची धाकधूक

मंडळी, आज सही करताना माझं पेन अडलं.

मी गाझियाबादला सरकारी बँकेत कर्जं मंजूर करते. सकाळी पंपांचे सुटे भाग बनवणारे गुप्ताजी आले. मंदीत त्यांच्या ऑर्डरी थांबल्यात आणि खासगी बँकेने हात वर केलेत. "मॅडम, चालीस लोग हैं मेरे यहाँ," एवढंच म्हणाले.

अशा वेळी कर्ज द्या, असं वरून आम्हाला बजावलंय. पण ते बुडालं की चौकशी सही करणाऱ्याचीच! आमचे जुने साहेब निवृत्त झाले, तरी अजून उत्तरं देताहेत. म्हणून मी प्रत्येक मंजुरीचं कारण स्वतःच्या डायरीत लिहून ठेवते.

शेवटी सही केली. डायरीत मात्र 'चाळीस माणसं' एवढंच लिहिलं गेलं.

चौकशीत हे कारण चालेल का हो?